पावसात सडलेला जुना बेंच व्हाइस परत कामाला कसा लावायचा

तुमचा प्रश्न असा, की आजोबांच्या मळ्यातल्या शेडमागं सहा इंची बेंच व्हाइस (बेंचवर बसवून वस्तू घट्ट धरायचा शिकंजा) सापडलाय, १५-१६ पावसाळे बाहेरच पडून होता, स्पिंडल (हँडलनं फिरवायचा आट्यांचा दांडा) जाम आहे, हँडल कुणीतरी काढून नेलंय, एका जॉ प्लेटचा (जबड्यावरच्या पट्टीचा) स्क्रू आतच तुटलाय, अंगावर 'मेड इन इंग्लंड' एवढंच वाचता येतंय. भंगारवाला किलोवर मागतोय, आणि मित्र म्हणतोय संडास धुवायच्या ॲसिडात बुडव, दोन तासात चकाचक होईल. तुम्हाला त्यावर मोटरसायकलची आणि शेतीच्या अवजारांची कामं करायचीत.

भंगारात देऊ नका, आणि ॲसिडात तर अजिबात बुडवू नका. मी ३२ वर्षं टूलरूममध्ये फिटर आहे, त्यातली बरीचशी कोल्हापूरच्या उद्यमनगर भागात गेली, आणि आजवर लहानमोठे चाळीसेक व्हाइस तरी दुरुस्त केले असतील. त्यातले बिघडलेले किंवा वाया गेलेले जे होते ते गंजामुळं फार कमी, बहुतेक सगळे दुरुस्तीच्या घाईमुळं गेले. म्हणून सविस्तर लिहितोय.

ॲसिडचं आधी सांगतो. व्हाइसची बॉडी बिडाची असते. बिडात ग्राफाइटचे बारीक पापुद्रे असतात, पृष्ठभागाला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यात ते हायड्रोक्लोरिक ॲसिड शिरून बसतं, वरून कितीही धुतलं तरी निघत नाही. गंज जातो खरा, पण त्यासोबत चांगलं लोखंडही खाल्लं जातं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या अंगावर परत नारिंगी पावडर आलेली असते. वर त्याच्या वाफेनं शेडमधली बाकीची हत्यारं, पाने, ड्रिल, सगळ्यांवर एका रात्रीत गंज चढतो. मी एका ठिकाणी असं झालेलं बघितलंय, व्हर्नियर कॅलिपरसुद्धा गेला होता.

आता सुरुवात कुठून करायची? बहुतेक जण वायर ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन बसतात. माझं म्हणणं असं की व्हाइसचं काम एकच, धरणं. सरळ धरणं आणि धरलेलं न सोडणं. ते काम तीन जागी होतं, स्पिंडल आणि नटचे आटे, दोन जॉ, आणि पुढचा जॉ ज्यात सरकतो ती स्लाइड. या तीन जागा ठीक तर व्हाइस ठीक. रंग शेवटच्या दिवशी, तोही दिला नाही तरी चालतं.

पण त्याच्याही आधी बॉडीला तडा आहे का ते बघायचं, कारण तडा चुकीच्या जागी असेल तर पुढच्या सगळ्या मेहनतीला अर्थ नाही. मडकं घेताना आपण वाजवून घेतो तसं बीडही वाजवून बघतात, शाबूत असेल तर खणखणीत वाजतं आणि तडा असेल तर बद्द आवाज येतो. मात्र तुमचा व्हाइस अख्खा जाम आहे, तो आत्ता बद्दच वाजणार, त्यावरून घाबरू नका, ही परीक्षा सुटा केल्यावर लाकडी ठोकळ्यावर ठेवून करायची. आत्ता करायची ती रॉकेल आणि खडूची. वरची माती आणि गंजाचे पापुद्रे वायर ब्रशनं काढा, सगळीकडं रॉकेल लावून रात्रभर मुरू द्या, सकाळी फडक्यानं कोरडं पुसा आणि पांढऱ्या खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर केसासारखी काळपट रेघ उमटते. आमच्याकडं इंजिनाच्या हेडला पण हेच करायचे. बघायच्या जागा तीन, मागच्या फिक्स जॉचं मूळ, स्लाइडच्या तोंडाच्या दोन बाजू, आणि बोल्ट घालायचे कान.

कानाला तडा असेल तर काळजी नको, पितळी रॉडनं ब्रेझिंग करून घ्या, आयुष्यभर टिकतं. स्लाइडच्या तोंडाला असेल तर तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडून आधी तडा पुढं जायचा थांबवायचा, मग व्ही खाच काढून निकेलच्या रॉडनं वेल्डिंग. त्यातही एकदम लांब टाका मारायचा नाही, एकावेळी इंचभर, लगेच हलक्या हातानं ठोकायचं, थांबायचं, मग पुढचा इंच. आणि झाल्यावर चुन्यात नाहीतर कोरड्या राखेत पुरून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी काढायचं, कारण बीड पटकन थंड झालं की वेल्डिंगच्या शेजारीच नवीन तडा जातो. फिक्स जॉच्या मुळाशीच आडवा तडा असेल तर मात्र माझ्या मते त्याच्यावर खर्च करू नका. वेल्डिंग करून देणारे भेटतील, पण त्या जागी सगळा भार येतो, आणि एक दिवस पात्याचा बोल्ट सोडवताना जॉ तुटून पायावर येईल.

तडा नाही असं धरून पुढं जातो.

स्पिंडल जाम आहे. हँडल नाही म्हणून लोक काय करतात, त्या भोकात पहार घालतात आणि पहारीवर चार फुटी पाईप. असं केलं की एकतर स्पिंडलचं डोकं भोकाशी तुटतं नाहीतर नटाचे आटे उडतात. इथं जोरापेक्षा दिवस खर्च करा. डिझेल आणि गिअर ऑइल अर्धं अर्धं करून, किंवा ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांचं एटीएफ ऑइल मिळालं तर ते आणि ॲसीटोन समसमान, स्पिंडल जिथं बॉडीत शिरतो तिथं वरून, आणि व्हाइस उलटा करून खालून नट दिसतो तिथं, सकाळ-संध्याकाळ सोडत राहा. चार-पाच दिवस. रोज एकदा स्पिंडलच्या डोक्यावर पितळी हातोड्यानं किंवा मध्ये लाकूड धरून सरळ रेषेत आठ-दहा हलके ठोके द्या, त्या थरथरीनं तेल आत सरकतं. पाचव्या दिवशी फूटभर सळई घालून फिरवून बघा, आणि पहिल्यांदा उघडायच्या दिशेनं नाही, आवळायच्या दिशेनं. केसभर जरी हलला तरी जिंकलात. मग थोडं उलटं, परत थोडं सुलटं, परत तेल. आट्यांत तयार झालेली गंजाची पूड तशीच जोरानं ओढली तर ती पाचरीसारखी अडकते, मागंपुढं केलं की ती दळली जाऊन बाहेर येते, तेलाबरोबर तपकिरी चिखल ओघळायला लागतो, तो दिसला की समजायचं काम झालं.

नाहीच हलला तर उष्णता. आधी सगळं डिझेल फडक्यानं पुसून, सुकवून, नाहीतर भडका उडेल. ब्लो लॅम्प नट ज्या भागात बसलाय त्या बॉडीवर फिरवत राहा, एका जागी धरू नका, पाण्याचा थेंब टाकला की चर्रर होऊन उडेल इतकंच तापवा. मग मेणबत्ती घेऊन आट्यांच्या सांध्याला टेकवा, मेण वितळून आत ओढलं जातं, हे तेलापेक्षा चांगलं शिरतं. आणि मग आपोआप थंड होऊ द्या.

आपोआप म्हणतोय ते मुद्दाम. शिकाऊ असताना मी असाच एक जाम व्हाइस गॅसच्या टॉर्चनं एका बाजूनं लाल होईपर्यंत तापवला आणि लवकर हातात घेता यावा म्हणून वर बादलीभर पाणी ओतलं. टक् असा आवाज झाला आणि स्लाइडच्या तोंडाचा तळहाताएवढा तुकडा वेगळा झाला. मिस्त्री ओरडले नाहीत, त्यांनी तो तुकडा महिनाभर माझ्याच बेंचवर ठेवायला लावला. त्यानंतर आजवर बिडावर मी कधी पाणी टाकलेलं नाही.

स्पिंडल फिरायला लागला की पूर्ण उलटा फिरवत राहा, पुढचा जॉ स्पिंडलसकट बाहेर येतो. खाली आधी लाकडी ठोकळा ठेवा, सहा इंचीचा पुढचा जॉ चांगला ८-१० किलो भरतो आणि शेवटचा आटा सुटला की सरळ खाली येतो. स्पिंडल पुढच्या जॉमध्ये कशानं अडवलाय ते बघा, कुठं स्प्लिट पिन आणि वॉशर असतो, कुठं कॉलर आणि त्यात टेपर पिन, म्हणजे एका टोकाकडं निमुळती होत गेलेली खीळ. टेपर पिन असेल तर दोन्ही टोकं घासून स्वच्छ करा, कॅलिपरनं मोजा, बारीक टोकाकडूनच ठोकायची. जाड टोकाकडून ठोकली तर ती अजून घट्ट होत जाते आणि मग ड्रिल करण्याशिवाय पर्याय उरत नाही. नट बहुतेक बॉडीच्या खालून एका बोल्टनं बसवलेला असतो. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढून ठेवा, महिन्याभरानं जोडताना वॉशर स्प्रिंगच्या पुढं होता का मागं हे आठवत नाही.

आता गंज. दोन रस्ते सांगतो, दोन्ही मी वापरतो.

पहिला बॅटरी चार्जरचा. २० लिटरची प्लास्टिकची बादली किंवा मोठं पीप, त्यात पाणी, आणि २० लिटरला ५-६ मोठे चमचे धुण्याचा सोडा. मीठ घालायचं नाही, मिठानं क्लोरीन वायू निघतो. साधा १२ व्होल्टचा चार्जर, काटा असलेला जुना असेल तर उत्तम, नवीन ऑटोमॅटिक चार्जरला समोर बॅटरी दिसली नाही तर तो चालूच होत नाही. व्हाइसचा भाग निगेटिव्हला, आणि त्याला न टेकता चारी बाजूंनी सळईचे तुकडे पाण्यात सोडून ते सगळे पॉझिटिव्हला. हे उलटं जोडलं तर व्हाइसच झिजेल, म्हणून चालू करायच्या आधी दोनदा बघा. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील वापरू नका, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते पाणी विषारी होतं, गॅल्व्हनाइजचा पाईपही नको. बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो, म्हणून हे अंगणातच करायचं, बिडी-काडी जवळ नाही, आणि हात घालायच्या आधी चार्जर बंद. रात्रभर ते २० तास पुरतात. गंज समोरासमोर लवकर निघतो, आडबाजूला कमी, म्हणून मधे एकदा भाग फिरवा. स्प्रिंग आणि पाणी दिलेल्या (तापवून, बुडवून कडक केलेल्या) जॉ प्लेटी यात टाकू नका, हायड्रोजन शिरून कडक पोलाद ठिसूळ होतं.

दुसरा रस्ता आपल्या ऊसपट्ट्यातला, मळीचा (मोलॅसिसचा). गुरांच्या खाद्यात घालायची मळी मिळाली तर एक भाग मळी, नऊ भाग पाणी, झाकण असलेल्या पिंपात भाग बुडवून ठेवून द्यायचे. आठ ते पंधरा दिवस लागतात, फेस येतो, वास बेकार येतो, शेजारी बोलतात. पण मळीचं पाणी गंज सोडवतं आणि चांगल्या लोखंडाला फारसा हात लावत नाही, कोनाकोपऱ्यात, नटाच्या आट्यात, जिथं करंट पोचत नाही तिथंही पोचतं. दर तीन-चार दिवसांनी काढून बघायचं, झालं की लगेच बाहेर, विसरून महिनोन्महिने ठेवायचं नाही. ॲल्युमिनियमचं काही त्यात टाकायचं नाही. घाई नसेल तर माझी पसंती यालाच.

बारक्या वस्तू, स्क्रू, वॉशर, पिना, यांना लिंबूसत्व पुरेसं आहे, लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम, रात्रभर.

कुठलीही पद्धत वापरा, बाहेर काढल्यावरचा अर्धा तास महत्त्वाचा. भाग काळपट दिसेल, तो काळा थर ब्रशनं घासून गरम पाण्यानं धुवा, म्हणजे धातू स्वतः गरम होऊन लवकर सुकतो, उन्हात ठेवा, आणि हाताला गरम लागतोय तोवरच तेलाचं फडकं फिरवा. चहा प्यायला गेलात तर परत येईपर्यंत तांबूस झालेला असेल.

आता मुख्य गोष्ट, स्पिंडल आणि नट. स्पिंडलचं अगदी आतलं टोक, जिथं नट सहसा कधी पोचतच नाही, तिथल्या आट्याचं पातं बघा आणि मग मधल्या भागातलं बघा. जुन्या व्हाइसला चौकोनी आटे असतात, कोऱ्या जागी पात्याचा माथा रुंद आणि सपाट दिसतो, वापरलेल्या जागी तो निमुळता झालेला असतो, अगदी धार आल्यासारखा. माथा निम्म्याहून कमी उरला असेल तर स्पिंडल आणि नट दोन्ही नवीन करा. स्पिंडल बरा असेल आणि नटच झिजला असेल, बहुतेक वेळा असंच असतं, तर एकटा नट करून घ्या. जोडून बघायची सोपी खूण म्हणजे, दिशा बदलताना हँडल पाव फेरा मोकळं फिरलं तर काही बिघडत नाही, अर्ध्याच्या वर फिरलं तर नट बदला. नुसत्या मोकळ्या फेऱ्यानं पकड कमी होत नाही, पण आटे किती उरलेत ते त्यावरून कळतं.

नट गनमेटलचा (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा) करा. स्पिंडलपेक्षा तो मऊ हवा, म्हणजे झिजायचं ते नटानं झिजावं, स्पिंडल वाचावा. टर्नरकडं (लेथवाल्याकडं) जाताना स्पिंडल सोबत न्या आणि इंचात किती आटे आहेत ते मोजून सांगा. इंचाला चार असतील तर एका फेऱ्यात जॉ ६.३५ मिमी सरकतो. मिमीच्या लेथवर हा आटा कापायचा तर इंची आट्याचा गिअर लागतो, बऱ्याच लेथला १२७ दात्यांचं चाक त्यासाठीच दिलेलं असतं, पण ते कुठल्यातरी कपाटात पडलेलं असतं आणि 'जवळपासचा' मिमीचा आटा कापून दिला जातो. तो नट दोन फेरे जातो आणि अडकतो. तिथं उभं राहून करून घ्या.

आणि कुणी सुचवेल की जुना नटच पॅटर्न (साच्याचा नमुना) म्हणून फौंड्रीत द्या, नवीन ओतून घ्या. ओतकाम थंड होताना आकसतं, बीड साधारण शेकडा एक, गनमेटल त्याहून जास्त, वर मशिनिंगला माल राहत नाही. एका नटासाठी गनमेटलचा ठोकळा घेऊन त्यातून काढणं स्वस्त पडतं.

जॉ प्लेटचा तुटलेला स्क्रू. हा भाग नीट वाचा. तुमचा व्हाइस इंग्लंडचा आणि जुना, म्हणजे त्यात आटे व्हिटवर्थ (जुन्या इंग्रजी इंची मापाचे) असणार, बहुतेक ५/१६ किंवा ३/८ इंच. आपल्याकडं मेट्रिकचा कायदा १९५६ सालचा, पण त्यानंतरही कितीतरी वर्षं देशी व्हाइसमध्येसुद्धा इंची आटेच यायचे. ५/१६ म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळं एम ८ चा (८ मिमीचा मेट्रिक) बोल्ट बघताना अगदी बरोबर वाटतो, दोन आटे आत जातोही, मग घट्ट होतो, आणि माणूस पाना लावून दाबतो. ५/१६ व्हिटवर्थला इंचाला १८ आटे, एम ८ ला साधारण २०, कोनही वेगळा, ५५ आणि ६० अंश. बिडातला आटा चुरा होऊन बाहेर येतो. मी हातात घेतलेल्या व्हाइसपैकी निम्म्यांची जॉ प्लेट हलण्याचं कारण हेच होतं, आधी कुणीतरी एम ८ चढवलेला. हार्डवेअरवाल्याकडं आटे मोजायची पानं असतात, पिच गेज म्हणतात, शाबूत असलेला दुसरा स्क्रू घेऊन जा आणि मोजून घ्या. कोल्हापुरात मिळालं नाही तर पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला व्हिटवर्थचे स्क्रू आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) मिळतात.

तुटलेला काढायला, मध्यावर सेंटर पंच मारून, आधी ३ मिमीचं, मग ५ मिमीचं भोक पाडा. सेंटर बरोबर पडलं पाहिजे, त्यासाठी दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील, कारण ड्रिल बाजूला सरकलं की बॉडी कापत जातं. भोक पडल्यावर कित्येकदा गंजाची पकड सैल होऊन नुसत्या उलट्या आट्याच्या एक्स्ट्रॅक्टरनं निघतो. एक्स्ट्रॅक्टर आत तुटला तर मात्र खरं संकट, तो कडक पोलादाचा असतो, साध्या ड्रिलनं ड्रिल होत नाही, म्हणून जड लागलं की थांबा आणि परत तेल-उष्णता. आटा खराबच झाला असेल तर एक माप वर जा, ५/१६ चा ३/८ करा, चारही स्क्रू सारखेच हवेत असा नियम नाही.

प्लेटी गुळगुळीत झाल्या असतील तर नवीन करा, ओएचएनएस पोलादाच्या (तेलात बुडवून कडक होणाऱ्या). दाते आधी कापायचे, मग पाणी द्यायचं. गावात लोहाराची भट्टी असेल तर तिथंही होतं, तापवत असताना लांब तारेला बांधलेलं चुंबक टेकवत राहा, चुंबक धरायचं बंद झालं की अजून किंचित तापवून तेलात सोडा, पाण्यात नाही. मग वरची काळी घासून चकचकीत करून परत हळू तापवा, रंग गव्हाळ होईल, मग तपकिरी, तपकिरीत जांभळट झाक आली की थांबा. त्याच्या आधी थांबलात तर प्लेटीचे दाते उडतात, निळ्यापर्यंत गेलात तर मऊ पडतात. तुम्हाला मोटरसायकलची कामं जास्त असतील तर मी म्हणेन दातेवाल्या प्लेटी करूच नका, साध्या ईएन ८ पोलादाच्या गुळगुळीत करा, पाणी न देता. दाते पाईप आणि सळईला बरे, पण स्प्लाइन (उभ्या खाचांच्या) शाफ्टवर त्याचे ठसे उठले की सील फाटतं.

प्लेटी बसवल्यावर वर्तमानपत्राच्या चार पट्ट्या कापा, जॉच्या चार कोपऱ्यांत धरून व्हाइस हलका आवळा आणि एकेक ओढून बघा. डावी-उजवी सारखीच अडली पाहिजे. वरच्या दोन अडल्या आणि खालच्या जेमतेम निघाल्या तर ते हवंच आहे, कारण जोरात आवळलं की पुढचा जॉ किंचित मागं कलतो आणि वरचं तोंड उघडतं, आधीच वरून टेकत असेल तर आवळल्यावर तो सपाट बसतो. उलटं असेल, खाली घट्ट आणि वर सैल, तर प्लेटच्या मागं वरच्या बाजूला पितळी शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घाला. शिम नसेल तर शीतपेयाच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, तो चालतो.

स्लाइडला ग्राइंडर लावू नका, कृपा करून. खड्डे दिसतात म्हणून लोक चकती फिरवतात आणि सपाटी घालवतात. गंजाचे खड्डे राहू देत, त्यात तेल साठतं, फायद्याचंच आहे. फक्त उंचवटे मार्किंग ब्ल्यू (निळा रंग) लावून बघायचे आणि बारीक कानशीनं काढायचे. पुढचा जॉ वरखाली फार खेळत असेल, अर्ध्या मिमीच्या पुढं, तर स्लाइडच्या खालच्या बाजूला पितळी पट्टी बसवून घेता येते.

हँडल साध्या एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) ब्राइट बारचं करा, भोकापेक्षा अर्धा मिमी बारीक, लांबी १२ इंचाच्या आसपास, टोकांना नट वेल्ड करून गोल घासून घ्या. कडक पोलादाचं करू नका. जास्त जोर लागला तर आधी हँडल वाकलं पाहिजे, स्पिंडल तुटता कामा नये, त्यासाठीच ते मऊ असतं. आणि वाकलंच तर सरळ करून घ्या, जाड घालू नका. टोकांना आतून एकेक रबरी ओ रिंग चढवली की हँडल खाली पडताना बोटाची कातडी चिमटत नाही.

रंगाबद्दल थोडंच. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासू नका आणि जाळू तर नकाच, पेंट रिमूव्हर लावून ओलाच खरवडा. रेड ऑक्साइड, वर हॅमरटोन किंवा साधा इनॅमल. लांबी (पुट्टी) भरू नका, पुढं कधी तडा गेला तर तो लांबीखाली दिसणार नाही, आणि भंगार बाजारात नवा रंग मारलेला व्हाइस मी त्याच कारणासाठी घेत नाही. स्लाइड, आटे, जॉ आणि मागची ऐरणीची जागा रंगाशिवाय ठेवा.

बसवताना बेंचच्या पायाच्या बरोब्बर वर बसवा, फळीच्या मध्ये नाही, फळी कानशीच्या प्रत्येक हाताबरोबर दबते आणि कानस नाचते. आरपार १२ मिमीचे बोल्ट, खाली मोठे वॉशर किंवा सरळ पट्टी, लाकडाचे स्क्रू नकोत. फिक्स जॉची प्लेट बेंचच्या कडेच्या किंचित बाहेर आली पाहिजे, तरच लांब पाईप किंवा नांगराचा दांडा उभा धरता येतो. उंची, सरळ उभं राहून हात दुमडला की कोपर जॉच्या वरच्या कडेला टेकलं पाहिजे. तुमच्या कोपराची उंची घ्या, मागं कुणी बसवला होता त्याची नको. आमच्याकडं एक उंच माणूस कमी उंचीच्या बेंचवर १० वर्षं कानस मारत होता, त्याची कंबर कायमची गेली.

आट्यांना एपी ३ ग्रीस, स्लाइडला ६८ नंबरचं ऑइल पातळ, आणि महिन्यातून एकदा स्पिंडल पूर्ण बाहेर काढून ग्रीसमध्ये अडकलेला किस पुसून नवीन लावायचं, कारण ग्रीस अधिक लोखंडाचा किस म्हणजे आटे घासायची पेस्टच. ठोकायचं असेल तर मागच्या फिक्स जॉच्या दिशेनं ठोका, पुढच्या जॉकडं किंवा स्लाइडवर कधी नाही. वस्तू जॉच्या एका टोकाला धरायची वेळ आली तर दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा घाला, नाहीतर पुढचा जॉ तिरका ओढला जातो आणि एवढं कागदाच्या पट्ट्यांनी जमवलेलं सगळं सहा महिन्यांत जातं. हँडलवर पाईप घालायचा नाही हे सांगितलंच.

सगळं जोडून झालं की २ मिमीचा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या, जॉच्या लांबीचे दोन तुकडे कापा, आणि पहिलं काम म्हणून ते त्याच व्हाइसमध्ये धरून लाकडी हातोडीनं काटकोनात वाकवा. पंप-इंजिनाचे भाग, आट्याचे बोल्ट, शाफ्ट, जे काही खराब होऊ द्यायचं नाही ते धरायला हे क्लॅम्प रोज लागतील, आणि वाकवताना पत्रा एका बाजूनं सरकला तर कागदाच्या पट्ट्या परत काढा, शिम अजून बरोबर बसलेला नाही.